शून्य मिलिमीटरचा दाखला

डोंगरावर दोन माणसं मरून पडली होती आणि खाली मांडवात चौथी पंगत बसत होती. भिमाजी साळवेने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ऐकीव असतं तर त्यानेही कानाआड केलं असतं. वाढपी बुंदीच्या पराती घेऊन पळत होते आणि माईकवरून कोणीतरी घसा फोडून सांगत होतं की न जेवता कोणी जाऊ नये, काकासाहेबांना वाईट वाटेल. काकासाहेबांना वाईट वाटू नये याची त्या दिवशी अख्ख्या पंचक्रोशीला काळजी लागली होती. डोंगरावरच्या दोघांची काळजी करायला निघाले ते पाच जण, दोन घोंगड्या आणि एक ट्रॅक्टर.

ही गोष्ट पंचाण्णव सालच्या सप्टेंबरातली. राहुरीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी अमृतकाठ सहकारी साखर कारखाना होता आणि काकासाहेब त्याचे चेअरमन. अकरा तारखेला त्यांची एकसष्टी होती. एकसष्टी म्हटली की हार आले, मानपत्र आलं, तुला आली. पण शेजारच्या कारखान्याच्या चेअरमनने आदल्या वर्षीच स्वतःची पेढेतुला करून घेतली होती, त्यामुळे काकासाहेबांच्या माणसांना पेढ्याच्या वरचं काहीतरी हवं होतं. पेढ्याच्या वर काय, तर आभाळ. काकासाहेबांचे पी.ए. रंभाजी भापकर यांच्या सुपीक डोक्यातून विमान निघालं. मुंबईच्या एका कंपनीचं चार माणसांचं छोटं विमान भाड्याने आणायचं, त्याचं एका बाजूचं दार काढून ठेवायचं, आणि काकासाहेब मांडवाबाहेरच्या ओट्यावर हार घालून उभे राहिले की वरून झेंडूच्या पाकळ्यांची पोती त्यांच्यावर रिकामी करायची. मंत्री उतरावेत म्हणून कारखान्याने मुरमाची धावपट्टी आधीच करून ठेवली होती. एरवी तिच्यावर शेळ्या चरत. मंत्र्यांपेक्षा त्यांचाच तिला जास्त उपयोग झाला असेल.

भिमाजी कारखान्याच्या ऊस संशोधन फार्मवर वेधशाळा सांभाळायचा. वेधशाळा म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. तारेच्या कुंपणात एक पर्जन्यमापक, थर्मामीटर ठेवलेली पांढरी झडपांची पेटी, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, आणि बाजूला एक खोली. खोलीत टेबल, रजिस्टर आणि कारखान्याच्या एक्स्चेंजचा काळा फोन. बावीस वर्षं भिमाजी रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजत होता आणि दुपारी अडीचला आभाळ बघत होता. हाताखाली छगन पगारे होता, फार्मवर माळीकाम करणारा, पस्तिशीचा, काटकुळा. भिमाजीला तो दादा म्हणायचा. दोघं एकाच वस्तीतले, सकाळचा जय भीम वाटेतच व्हायचा आणि मग दोघं मिळून मापकाचं नरसाळं काढायचे.

पावसाच्या नोंदीचा एक रिवाज असतो, तो इथेच सांगून टाकायला हवा, कारण पुढची सगळी घाण त्यातूनच वर आली. सकाळी साडेआठला मापकातलं पाणी मोजायचं आणि आजच्या तारखेपुढे लिहायचं. पण ते पाणी पडलेलं असतं काल सकाळी साडेआठपासून. म्हणजे अकरा तारखेला दुपारी आभाळ फाटलं तरी अकरा तारखेपुढे शून्यच राहतं आणि पाऊस चढतो बारा तारखेपुढे. देशभर असंच लिहितात. ज्याला हे ठाऊक आहे त्याला त्यात काही वाटत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला कागद दाखवून काहीही पटवता येतं.

त्या दिवशी सकाळी साडेआठला मापक कोरडं होतं. भिमाजीने अकरा तारखेपुढे ०.० लिहिलं. दहानंतर मात्र पश्चिमेकडून ढग चढायला लागले. अकरा वाजता डोंगराचा माथा दिसेनासा झाला, आणि सव्वाअकराला फोन वाजला. पलीकडे भापकर होता, मांडवातून बोलत होता, मागे सनईची कॅसेट लागली होती.

"साळवे, तो पायलट विचारतोय, डोंगर दिसतोय का? त्याला तेवढंच पाहिजे. इथून मांडवामुळं काही दिसत नाही."

"न्हाई दिसत साहेब. ढग अर्ध्या डोंगरापातुर टेकलाय. मागनं पाऊस येतोय, अर्ध्या तासात हितं असंल. विमान उडवू नका म्हनावं."

"उडवू नका कसं? काकासाहेब हार घालून तयार आहेत. दहा हजार माणूस बसलंय."

"मला दिसतंय ते मी सांगितलं."

"बरं बरं. आणि त्या तुझ्या छगनला तयार ठेव. हलका गडी पाहिजे, पायलट वजनाचं बघतो. जीप पाठवतो, त्यानं फक्त मागं बसून पोती वतायची."

छगन खुरपं हातात घेऊन दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा उतरला.

"दादा, मला जत्रंत पाळन्यात बसलं तरी गरगरतंय. आन तुमीच तर आत्ता उडवू नका म्हनला."

भिमाजी हसला. पुढच्या कैक महिन्यांत त्या हसण्याची त्याला जितकी किळस आली तितकी भापकरचीही आली नाही. तो म्हणाला, "आरं, उडनारच न्हाई ते. पायलट काय येडा हाय का? आपन सांगितलंय, तो आयकंल. तू बस जीपमदी, भापकरला तोंड दाखव आन जेऊन ये. अडीचच्या आत ये म्हंजी झालं."

छगन जीपमध्ये बसला. भिमाजीचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता.

विमान उडलं. कॅप्टन सय्यद नावाच्या त्या पायलटला भापकरने काय सांगितलं हे सांगायला आता तो नाही. पण भापकर त्याच्याजवळ जाऊन अंगठा वर करून काहीतरी म्हणाला आणि पायलटने मान हलवली, एवढं धावपट्टीवरच्या पुष्कळांनी पाहिलं. पुढे विचारल्यावर त्या पुष्कळांपैकी एकालाही काही आठवेना. पहिल्या फेरीला पाकळ्या पडल्या, त्या वाऱ्याने थेट उसात. काकासाहेबांच्या अंगावर एक पडली नाही. दुसऱ्या फेरीची खूण ठरलेली होती, ओट्यावरून पांढरा टॉवेल हलवायचा. पावसाचे टपोरे थेंब मंडपाच्या कापडावर वाजायला लागले होते तरी भापकरने टॉवेल हलवला. विमान वळलं ते डोंगराच्या बाजूला, आणि ढगात गेलं. फार्मवरून भिमाजीने आवाज ऐकला, मग आवाज थांबलेलाही ऐकला. मांडवात बँड चालू होता, तिथे बहुतेकांना काहीच कळलं नाही. ज्यांना कळलं त्यांनी बँड थांबवला नाही.

पाऊस असा कोसळत होता की वर चढताना भिमाजीला पुढच्याची पाठ दिसत नव्हती. विमान कड्याच्या खाली एका खडकावर चुरगळून पडलं होतं. पायलट त्याच्या जागेवरच होता. छगन बाहेर फेकला गेला होता, अंगाला पाकळ्या चिकटलेल्या. दोघांना घोंगड्यांत घालून खाली आणलं, ट्रॅक्टरमध्ये ठेवलं. खालचा रस्ता मांडवाच्या मागून जात होता, दुसरा रस्ताच नव्हता. मांडवामागे फार्मवरच्या बायका उष्ट्या पत्रावळ्या उचलत होत्या, त्या दिवशी त्यांना तेच काम दिलं होतं. छगनची बायको पुष्पावती त्यांच्यातच होती. हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा घेऊन ती ट्रॅक्टरकडे बघत राहिली. घोंगडीतून पाणी गळत होतं. तिने गठ्ठा नीट खाली ठेवला आणि मग ओरडली. माईकवरचा माणूस अजून बुंदीचंच सांगत होता.

बारा तारखेला सकाळी भिमाजीने एकट्याने मापक उघडलं. ५८.४ निघाले. दोनदा मोजून त्याने बारा तारखेपुढे लिहिलं.

त्याच दिवशी दुपारी शोकसभा झाली, त्याच मांडवात. मंडपवाल्याने अजून कापड सोडलं नव्हतं, तेव्हा नवीन खर्च नको म्हणून 'अभीष्टचिंतन' लिहिलेल्या पडद्यावर एक पांढरी चादर टाचली. चादर आखूड पडली, 'चिंतन' तेवढं बाहेर राहिलं. काकासाहेब डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, "माझ्यावर फुलं उधळता उधळता माझ्या बागेतली दोन फुलं गळून पडली." लोकांनी माना डोलावल्या. काही जणांनी सवयीने टाळ्याही वाजवल्या. भिमाजी मागच्या खांबाशी उभा होता, तो तिथून निघून उसात गेला.

नंतर कुजबूज सुरू झाली. पायलट म्हणे प्यायलेला होता. गेस्ट हाऊसचा खानसामा बाबाजान शपथेवर सांगत होता की त्या माणसाने सकाळी कोऱ्या चहाशिवाय कशाला तोंड लावलं नाही, नमाज पढून तो धावपट्टीवर गेला. बाबाजानला कोणी विचारायला जात नव्हतं. प्यायलेला होता, हेच सगळ्यांच्या सोयीचं होतं. आणि छगन? छगन म्हणे हौसेने चढला. कोणी बोलावलं नव्हतं, विमान बघून पोरासारखा हट्ट धरला आणि पायलटने बसवलं. दहा हजार माणसं त्या दिवशी ओलीचिंब होऊन घरी गेली होती, पण आठवड्याभरात त्यांच्यातली निम्मी सांगायला लागली की पाऊस नंतर आला, संध्याकाळी. दुपारी तर लख्ख ऊन होतं. माणसाला एवढं सहज विसरता येतं हे भिमाजीला बावन्न वर्षांत कळलं नव्हतं.

एके दिवशी भापकर स्वतः वेधशाळेत आला. टाइप केलेला कागद त्याने टेबलावर ठेवला, वर कारखान्याचा शिक्का.

"मुंबईहून तपासाला अधिकारी यायचाय. त्याला वेधशाळेचा दाखला लागतो. सही कर."

कागदावर एकच वाक्य होतं. 'दिनांक ११ सप्टेंबर १९९५ रोजी या वेधशाळेच्या रजिस्टरमध्ये पर्जन्यमान ०.० मि.मी. असल्याची नोंद आहे.'

भिमाजीने वाचलं, पुन्हा वाचलं. "साहेब, हे असं न्हाई देता यायचं. अकराचा पाऊस बाराला चढतो. बाराचे अठ्ठावन्न लिवा खाली."

"बाराला अपघात झाला का?"

"न्हाई."

"मग बाराचं काय घेऊन बसलास? अधिकाऱ्यानं अकराचं मागितलंय." भापकर खुर्ची ओढून बसला. "साळवे, रजिस्टरला अकरा तारखेपुढं काय आहे?"

"शून्य."

"अक्षर कोणाचं?"

"माझंच."

"मग यात एक तरी शब्द खोटा असला तर दाखव. मी आत्ता फाडतो."

भिमाजीला दाखवता येईना. शब्द सगळे खरे होते, आणि सगळे मिळून धादांत खोटं होतं. पाऊस नव्हता, आभाळ स्वच्छ होतं, म्हणजे पायलट स्वतःच्या बेफिकिरीने मेला आणि त्याला उडायला कोणी सांगितलं हा प्रश्नच उरत नाही, हे त्याला समजत होतं. त्याला हेही समजत होतं की वस्तीतलं राहतं क्वार्टर कारखान्याचं आहे, धाकटी मुलगी सीमा कारखान्याच्याच शाळेत दहावीला आहे, आणि भापकर उठून जाईपर्यंत कागद टेबलावरून हलणार नाही. भापकरने स्वतःचं पेन काढून दिलं. भिमाजीने सही केली. सही नेहमीसारखीच आली, नीट, तारखेसकट.

तीन दिवसांनी पुष्पावती वस्तीतल्या त्याच्या दारात आली. तिच्याही हातात कारखान्याचा कागद होता. दोन वर्षांपूर्वीच्या साक्षरता वर्गात ती वाचायला शिकली होती, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची.

"दादा, ह्ये बघा. 'माझे पती स्वतःच्या हौसेने विमानात बसले.' ह्याच्यावर मला सही करा म्हनत्यात. केली तर क्यान्टीनला लावून घेतो म्हनले."

"मग?"

"मग काय! हौस?" ती उसळली. "जत्रंत पाळन्यात बसला न्हाई कदी तो मानूस. हौसंनं मेला म्हनून लिवून देऊ व्हय? उद्या माझी लेकरं वाचतील, आपला बाप गंमत करायला गेला आन मेला. त्यांनला जीप घेऊन गेली ना? तुमी हुता ना तितं?"

"हुतो."

"मग सांगाल ना त्या सायबाला?"

भिमाजीने मान हलवली. "सांगीन." दाखल्याचं त्याने तिला सांगितलं नाही. जीपमध्ये बस म्हणून कोणी सांगितलं, तेही नाही. ती गेल्यावर त्याच्या बायकोने, विमलबाईने, जेवायला वाढलं. त्याने ताट बाजूला सारलं. छगनच्या नावावरची हौस पुसायची तर तोंड उघडावं लागणार होतं, आणि तोंड उघडलं की छगनला जीपमध्ये बसवणारा आणि शून्यावर सही करणारा असा एकच माणूस बाहेर येणार होता. त्या माणसाचं नाव भिमाजी साळवे.

अधिकारी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला. उतरला कारखान्याच्याच गेस्ट हाऊसवर. दुसरीकडे उतरायला जागा नव्हती म्हणे. चौकशी गेस्ट हाऊसच्या हॉलमध्ये होती. बाजूच्या खोलीत टेबल मांडून ठेवलं होतं, मटणाचा वास हॉलभर पसरला होता. भापकर अधिकाऱ्याच्या उजव्या हाताला बसला होता, जसा काही तोही तपासच करायला आला होता. संचालक एकामागून एक आले आणि लख्ख उन्हाबद्दल बोलून गेले. एकाने तर सांगितलं की उन्हामुळे त्याने डोक्यावर उपरणं घेतलं होतं. अधिकारी चष्मा लावलेला, दमलेला माणूस होता. सगळं लिहून घेत होता आणि मधून मधून घड्याळ बघत होता.

मग पुष्पावतीला बोलावलं. भिमाजी त्याच्या पाळीची वाट बघत भिंतीशी बाकावर बसला होता. ती उभीच राहिली.

"माझा मालक हौसंनं बसला न्हाई, साहेब. त्यांनला जीप घ्यायला आल्ती. आन पाऊस हुता. लई पाऊस हुता."

"बाई," अधिकारी सौम्यपणे म्हणाला, "तुमचं दुःख मला समजतं. पण त्या दिवशी पाऊस नव्हता, असा वेधशाळेचा दाखला आहे. शून्य मिलिमीटर."

"कुनी दिला?"

अधिकाऱ्याने कागद वळवून बघितला. "बी. एन. साळवे. निरीक्षक."

पुष्पावती वळली. भिमाजीला वाटलं ती शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, तुमीच खांदा देऊन आनलं त्यांनला. अंगातनं पानी निथळत हुतं. तुमचा सदरा भिजला हुता त्यानं. आन तुमी शून्य लिवलं?"

भिमाजी उठला. उठायचं त्याने ठरवलं नव्हतं. तो अधिकाऱ्यासमोर गेला आणि बोलायला लागला, आणि बोलायला लागल्यावर थांबला नाही. अकराचा पाऊस बाराला कसा चढतो ते त्याने सांगितलं. बाराच्या पुढे ५८.४ आहेत, रजिस्टर मागवा म्हणाला. सव्वाअकराच्या फोनचं सांगितलं, डोंगर दिसत नाही असं आपण बोललो ते शब्दन् शब्द सांगितलं. टॉवेलचं सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, "छगन जायला भीत हुता, साहेब. त्याला वरनं हुकूम हुता म्हनून जीप आली. आन मी त्याला बस म्हनलो. विमान उडनार न्हाई असं मला वाटलं. त्याची हौस न्हवती. त्याला आमी पाठवलं."

शेजारच्या खोलीत बाबाजानच्या हातून झाकण पडलं.

भापकर मात्र क्षणभरही गांगरला नाही. त्याच्या निगरगट्टपणाला तोड नव्हती. "बघा साहेब," तो म्हणाला, "आता याच्या तोंडूनच आलं. हवामान सांगायचं काम याचं. मी फोन केला होता, मान्य आहे. यानं सांगितलं, आभाळ स्वच्छ आहे, उडवा. त्याच्या भरवशावर आम्ही पायलटला सांगितलं. माणूसही यानंच पाठवला. आता अंगाशी आल्यावर उलटतोय. पाऊस होता तर शून्यावर सही का केली, विचारा त्याला."

"फोनवर तुम्ही काय सांगितलं, ते ऐकणारं कोणी होतं का?" अधिकाऱ्याने भिमाजीला विचारलं.

"हुता. दारातच उभा हुता."

"कोण?"

"छगन."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं, चष्मा काढून पुसला. "पावसाच्या नोंदीची पद्धत मला ठाऊक आहे, साळवे. दाखला वाचला तेव्हाच शंका आली होती. पण निरीक्षकाने स्वतः सही केलेली असताना शंकेला काय किंमत? आणि आता तुम्ही म्हणता फोनवर खरं सांगितलं. सही करताना एकदा अर्धंच सांगितलंत, तर फोनवर पूर्ण सांगितलं असेल हे मी कशावरून लिहू?"

अधिकारी जेवायला उठला. भापकर त्याच्या पुढे दार उघडायला धावला.

पुढे अहवाल आला, त्यात तीन गोष्टी होत्या. खराब हवामानात पायलटने विमान डोंगराजवळ नेलं. स्थानिक वेधशाळेकडून दिशाभूल करणारी माहिती मिळाली. विमानातला दुसरा माणूस आयोजकांच्या कामावर होता, स्वतःहून चढलेला नव्हता. भापकरचं नाव कुठेच नव्हतं आणि टॉवेल तर नव्हताच. पुष्पावतीला पाहिजे होती ती ओळ मात्र आली. छगनच्या नावावरची हौस पुसली गेली, आणि ती पुसायला भिमाजीचं नाव वापरलं गेलं. कारखान्याने त्याला वेधशाळेतून काढून काट्यावर बसवलं, उसाच्या गाड्यांची वजनं लिहायला.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी, आत जेवणं सुरू झाल्यावर, भिमाजी व्हरांड्यात आला. पुष्पावती पायरीवर बसून चपलेचा अंगठा नीट करत होती.

"पुष्पा," तो म्हणाला, "त्यांनी काय बी म्हनू दे. मी फोनवर उडवू नका म्हनलो हुतो. छगनची आन."

तिने चप्पल पायात घातली आणि उभी राहिली.

"म्हनला असाल, दादा," ती म्हणाली. "पर ते आयकनारा एकच हुता, आन त्याला तुमी जीपमदी बसवला. मी कागद वाचायला शिकलेय, आन कागदावर तुमचं शून्य हाय."

ती पायऱ्या उतरून वस्तीच्या रस्त्याला लागली. तिला थांबवून काय सांगायचं ते भिमाजीला तेव्हा सुचलं नाही, आणि नंतर रोज तिच्या दारावरून जाताना जय भीम घालण्यापलीकडे त्याचं तोंड कधी उघडलं नाही. ती जय भीमचं उत्तर द्यायची, मान वर न करता.